दुर्गीसाठी घेतलेली सोनेरी डिस्क

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला सीडी म्हणू नका. सौंदड गावात सगळे मला सीडीच म्हणायचे आणि त्यातच माझं वाटोळं झालं. दिसायला आम्ही सारख्याच, हे मी कबूल करते. तेवढ्याच गोल, तेवढ्याच पातळ, मधोमध तसंच भोक. पण मी ब्लू-रे डिस्क आहे. सीडीत गाणी मावतात, डीव्हीडीत सिनेमा मावतो, आणि माझ्यात माणूस जसाच्या तसा मावतो. त्याच्या कपाळावरचा घामसुद्धा. आता मी जुनी झाले आहे. माझा रंग उडाला आहे, कडेला चीर गेली आहे. तरी कुणी सीडी म्हटलं की माझा जीव जळतो. मेला स्वभावच तसा, काय करू?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. प्लास्टिकची चकती ओतली, तिच्यावर रंगाचा एक नाजूक थर चढवला, त्यावर चमक दिली आणि झाले मी तयार. अगदी कोरी. मग मला बहिणींसोबत एका दांडीला ओवलं, वरून झाकण लावलं आणि फिरत फिरत आम्ही सडक अर्जुनीला येऊन पोचलो. तिथे मोठ्या रस्त्याला लागून इंद्रकुमारचं फोटो आणि व्हिडिओचं दुकान होतं. दिवसभर समोरून ट्रक धडधडत जायचे आणि आम्ही फळीवर थरथरत बसायचो. लग्नं, बारशी, वाढदिवस, सगळं तो साध्या डीव्हीडीवर उतरवून द्यायचा. आम्हाला कुणी विचारत नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, आमच्याकडे बघून म्हणायचं, "हे काय हाय?" आणि डीव्हीडी घेऊन निघून जायचं. मला फार अपमान वाटायचा.

मग एक दिवस बकाराम आले. सौंदडचे शेतकरी, उंच, काळेसावळे, डोक्याला पांढरा दुपट्टा. मित्रांनो, आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, दुकानं लागतात, आणि दिवसा दंडार होते, म्हणजे ढोलकीच्या तालावर नाच, गाणं आणि सोंगं. बकाराम सौंदडच्या दंडारीत नाचायचे. ते उतरले की म्हातारी माणसंही मांड्यांवर ताल धरायची, असं मी पुढे ऐकलं.

त्यांच्या पायात चाळ बांधायचं काम त्यांच्या लेकीचं, दुर्गेश्वरीचं. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासूनचं. लग्न होऊन भिलाईला गेली तरी दर मंडईला यायची आणि बापाच्या पायाशी बसून घुंगरांचे पट्टे आवळायची. त्या वर्षी मात्र तिचं दुसरं बाळंतपण सासरीच झालं आणि ती येऊ शकली नाही. "बाबा, तुमची दंडार काढून ठेवा, मी पाहीन," असं तिने फोनवर सांगितलं. तेव्हा आतासारखे प्रत्येकाच्या खिशात चांगल्या कॅमेऱ्याचे मोबाइल नव्हते. म्हणून बकारामांनी इंद्रकुमारला बोलावलं होतं. त्याने नव्या एचडी कॅमेऱ्याने दंडार काढली आणि आता ती कशावर उतरवून द्यायची, हे ठरवायला ते दुकानात आले होते.

इंद्रकुमारने आम्हा सगळ्यांना काउंटरवर मांडलं. तो अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचा.

"देखो काका, डीव्हीडीवर टाकलं तर घरच्या मशीनवर चालते. पण चित्र दाबून टाकावं लागते. चेहरा एवढा साफ नाई दिसणार. ब्लू-रेवर टाकलं तर जसं काढलं तसं दिसते. पण त्याले मशीन अलग लागते. तुमच्या घरच्या मशीनवर नाई चालत."

"जवायाच्या घरी हाय तसं मशीन," बकाराम म्हणाले. "पोरीले साफ दिसलं पायजे. मी तिच्यासमोर उभा हावो असं दिसलं पायजे."

मग त्याने दोन ब्लू-रे पुढे केल्या. एक करड्या काळपट रंगाची, आणि दुसरी मी, सोनेरी.

"ही काळी मजबूत हाय, काका. ही सोनेरी उनाले भिते. रंगाचा थर हाय ना हिच्यात. सावलीत ठेवाल तर बरेच वर्षं चालन."

मला इतका राग आला म्हणून सांगू! गिऱ्हाइकासमोर कुणी असं बोलतं का? पण बकारामांनी मलाच उचललं. खरखरीत बोटांनी उलटसुलट केलं. त्यांचा चेहरा माझ्यात दिसला आणि ते हसले.

"हेच दे. सोन्यासारखी दिसून रायली. पोरीच्या बाळंतपणात मी काई सोनं नाई नेलं, हेच नेतो. आन पेटीत ठेवन मी हिले. उनात कायले नेतो?"

"घरच्यासाठी एक डीव्हीडी काढून देऊ का?"

"घरच्याईनं समोर बसून पाह्यली ना! त्याईले कायले? पयले दुर्गी पाहीन."

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस होता. इंद्रकुमारने मला मशीनमध्ये घातलं, निळसर किरण माझ्या अंगावरून फिरला आणि कोरी असलेली मी भरून गेले. आमच्यात लिखाण आतून सुरू होतं आणि कडेकडे जातं. सगळ्यात आत, भोकाजवळ, दंडार सुरू व्हायच्या आधीचं चित्र होतं. बकाराम एकटेच बाजेवर बसून स्वतःच्या पायात चाळ बांधताहेत. गाठ नीट बसत नाही. मग ते मान वर करून कॅमेऱ्याकडे बघतात आणि दुर्गीशी बोलतात. पुष्कळ बोलतात. मग ढोलकी वाजते, ते उठतात आणि नाचायला लागतात.

ते सगळं मला तोंडपाठ होतं, मित्रांनो. एकेक शब्द.

बकारामांनी मला कागदात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवलं. बायकोला, नंदाबाईला, एवढंच सांगितलं, "दुर्गीची वस्तू हाय, हात लावजो नोको." धानाची मळणी आटपली की स्वतः भिलाईला जाऊन नातू बघायचा आणि मला लेकीच्या हातात द्यायचं, असा त्यांचा बेत होता. मी पेटीच्या अंधारात वाट बघत राहिले. मळणीचा आवाज थांबला. मग घरात रडण्याचा आवाज आला. बकारामांना ताप आला होता, दवाखान्यात नेलं आणि ते परत आलेच नाहीत.

दुर्गेश्वरी आली, दिवस केले, रडून रडून परत गेली. तेव्हा कुणाला माझी आठवण झाली नाही. पुढे एका दुपारी नंदाबाईने पेटी उघडली. तिला नवऱ्याला बघायचं होतं हो, दुसरं काय! तिने मुलाला, ओमेशला हाक मारली. ओमेशने मला घरच्या डीव्हीडी मशीनमध्ये घातलं. मशीन घरघरलं आणि पडद्यावर अक्षरं आली, की डिस्क नाही. त्याने मला काढलं, बनियनला पुसलं, पुन्हा घातलं. पुन्हा तेच. मी आतून ओरडत होते, अगं, आहेत ते! इथेच आहेत! पण मला कुठे तोंड आहे? माझ्यातलं वाचायला जो किरण लागतो, तो त्या मशीनमध्ये नव्हताच.

"कोरी हाय, माय," ओमेश म्हणाला. "ठगवलं बाबाले त्यानं."

नंदाबाईने उठून टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "दुर्गीले सांगजो नोको. तिचा जीव तुटन."

इंद्रकुमारकडे जाऊन कुणी विचारलंसुद्धा नाही. भांडायला गेले असते तरी चाललं असतं! भांडणात तरी खरं कळलं असतं. पण मेलेल्या माणसाच्या वस्तूवरून कुठे तंटा करायचा, म्हणून ते गप्प राहिले आणि मी सिनेमाच्या फुटक्या सीडींसोबत कोनाड्यात पडले.

पावसाळा गेला, धान भरायला लागलं आणि राघूंचे थवे उतरायला लागले. आमच्याकडे राघूंना हाकलायला वावरात सीडी टांगतात. वाऱ्यावर त्या फिरतात, चमकतात आणि पाखरं बिचकतात. नंदाबाईने ओमेशला कोनाडा दाखवला. "त्या सोनेरीलेबी ने. चमकते तरी." ओमेशने जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, माझ्या भोकातून ओवली, जाडजूड गाठ मारली आणि मला बांधावरच्या काठीला लटकवलं.

ज्या उन्हाला मी भीत होते, त्याच उन्हात मी फिरत राहिले. दिवसभर फिरायचे आणि माझा थर जळायचा. आधी कडेची दंडार गेली. ढोलकी गेली. मग नाचणारे पाय गेले. सकाळी आठवायचं ते संध्याकाळी आठवेनासं व्हायचं. मी मनातल्या मनात घोकत राहायचे, दुर्गीशी ते काय बोलले, काय बोलले. निदान तेवढं तरी राहू दे. राघू माझ्याकडे बघून पळायचे आणि लांबून नंदाबाई समाधानाने बघायची. तिच्याच धन्याची राखण तिच्या धानाला होती, आणि तिला ठाऊक नव्हतं.

दिवाळी झाली, मंडई आली. दुर्गेश्वरी लेकरू कडेवर घेऊन माहेरी आली. मंडईत इंद्रकुमार कॅमेरा लावून उभा होता. त्याने तिला ओळखलं.

"ताई, पाह्यली का बाबाची दंडार? ब्लू-रेवर दिली होती मी. तुमच्यासाठीच घेतली त्याईनं."

दुर्गेश्वरीने त्याच्याकडून सगळं नीट विचारून घेतलं. मग घरी धावत आली. अंगणात उभी राहून ओरडली, "माय! बाबानं माह्यासाठी डिस्क आणली होती? कुठी हाय?"

नंदाबाई हातातला तांब्या ठेवून बाहेर आली. "ते तर कोरी होती, बाई. ओमेशनं लावून पाह्यली."

"कोरी नोहोती, माय! आपल्या मशीनवर चालतच नाई ते! कुठी हाय सांग ना!"

ओमेशने वावराकडे बोट केलं.

ती बांधावरून पळत आली, मित्रांनो. धान कापायला आलं होतं. तिने काठी वाकवून मला सोडवलं आणि पदराने पुसलं. माझं सोनं कधीच उडालं होतं. मागून नंदाबाई आली आणि बांधावरच बसली. "मीच सांगतलं ना त्याले, टांग म्हणून. मीच सांगतलं," एवढंच ती म्हणत राहिली. दुर्गेश्वरीने तिला जवळ घेतलं, पण मला हातातून सोडलं नाही.

इंद्रकुमारकडे दुसरी प्रत नव्हती. लगीनसराई आली तसं त्याने कॅमेऱ्याचं कार्ड पुसून टाकलं होतं. "बाबा काय बोलले होते, तेवढं तरी सांगा," दुर्गेश्वरीने त्याला विचारलं. तो बिचारा खाली बघत म्हणाला, "मी लाइट पाहून रायलो होतो ताई. बोलणं नाई ऐकलं."

भिलाईला नेऊन तिने मला नवऱ्याच्या मशीनमध्ये घातलं. तो निळसर किरण पुन्हा माझ्या अंगावर पडला. मी होता नव्हता तेवढा सगळा जोर लावला. चिंधीची जाड गाठ होती ना, तिच्या सावलीखाली भोकाजवळची बारीकशी जागा वाचली होती. पडदा उजळला. बकाराम बाजेवर बसले होते, अगदी स्वच्छ, कपाळावर घाम. चाळांची गाठ बसत नव्हती. त्यांनी मान वर केली आणि थेट तिच्याकडे बघितलं.

"दुर्गे, एक गोष्ट सांगतो तुले..."

आणि चित्र थांबलं.

मित्रांनो, पुढचं मला विचारू नका. पुढे ते पुष्कळ बोलले होते आणि ते मला तोंडपाठ होतं. आता आठवत नाही. मी रात्रंदिवस आठवून बघते, पण तिथे नुसतं ऊन आहे.

तुम्हाला एवढंच सांगते. एखादी वस्तू तुमच्या मशीनवर बोलली नाही, तर ती कोरी आहे असं समजू नका. ज्याने दिली त्याला जाऊन विचारा. आपल्या माणसाचा आवाज एकाच ठिकाणी ठेवू नका, दोन ठिकाणी ठेवा. आणि कुणासाठी काही आणलं असेल, तर ते काय आहे, कशावर चालतं, हे घरच्यांच्या कानावर घालून ठेवा. बकारामांना वाटलं होतं, आपण स्वतःच घेऊन जाऊ.

आता मी दुर्गेश्वरीच्या कपाटात, त्याच लुगड्याच्या चिंधीत असते. दर वर्षी मंडईच्या दिवशी ती मला बाहेर काढते. बकाराम मान वर करतात आणि म्हणतात, "दुर्गे, एक गोष्ट सांगतो तुले." चित्र थांबतं. दुर्गेश्वरी पडद्यासमोर खाली बसते, पायाशी बसावं तशी, आणि म्हणते, "सांगा ना, बाबा."