बेगम कुणाच्या पोटची

सांडूनं बादलीतला मांसाचा तुकडा उचलला, गजांमधून हात आत घातला आणि तो थेट बेगमच्या तोंडापाशी ठेवला. बाकीच्या पिंजऱ्यांत तो लांब सळईनं मांस ढकलायचा. इथं सळईचा उपयोग नव्हता, कारण गेले चार महिने बेगम उठून मांसापर्यंत येतच नव्हती. तिनं पडल्यापडल्या मान वळवली, तुकडा दातांत धरला आणि सावकाश चघळू लागली. सांडूनं तंबूकडं वळून पाहिलं. कुणी येत नव्हतं. त्यानं घाईघाईनं वाळलेलं गवत ओढून तिचे मागचे पाय झाकले.

बेगमचा बाप सिंह होता आणि आई वाघीण. दोघं बच्चे असल्यापासून सर्कशीत एकाच पिंजऱ्यात वाढलेली. सोळा वर्षांपूर्वी सोलापूरच्या मुक्कामात वाघिणीला तीन पिल्लं झाली. त्यांतली दोघं आठवडाभरातच गेली. तिसरीला आईनं जवळ घेतलं नाही, तेव्हा सांडूनं तिला शेळीच्या दुधावर वाढवलं. मोठी झाली तशी ती आईबापापेक्षाही थोराड निघाली. रंग सिंहाचा, आणि त्यावर वाघाचे पट्टे, पण इतके पुसट की ऊन तिरकं पडलं तरच दिसावेत. वाघ की सिंह, स्वतः येऊन पाहा, असं फलकावर लिहिलेलं असायचं आणि लोक खरंच यायचे. आता तेच धिप्पाड अंग तिच्या कमरेला पेलवत नव्हतं.

ही गोष्ट सांडूनं कुणाला सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी सर्कशीतला म्हातारा घोडा लंगडायला लागला, तेव्हा मालकांनी त्याला एका टेम्पोत चढवून पाठवून दिलं होतं. कुठं, हे विचारायचं धाडस सांडूला झालं नव्हतं.

"सांडू."

तो दचकला. मालक, नानासाहेब, मागं येऊन उभे होते. हातात सरकारी कागद होता.

"अकरा वाजता जनावरं न्यायला येतायत, बचाव केंद्राचे लोक. दोन वाघ आणि तीन सिंह द्यावेच लागतील, हुकूमच आहे तसा. ही मात्र द्यायची नाही. हुकुमात वाघ लिहिलाय, सिंह लिहिलाय. ही दोन्हींतली नाही. तुला विचारलं, ही कुणाची, तर?"

"म्हाईत नाय म्हणून सांगीन."

"बरोबर. जनावरं शिकवणारा गयास उस्ताद होता, तो वारला. हिचा जन्म पाहिलेला आता तूच." नानासाहेबांनी पिंजऱ्यात डोकावलं. "अजून लोळतेच आहे ही?"

"खाल्लंय तिनं, मालक. सुस्ती हाय."

नानासाहेब गेले, तरी सांडू बादली धरून तिथंच उभा राहिला. खरं तर त्याला हायसं वाटायला हवं होतं. बेगम इथंच राहणार होती. पण काल दुपारी तो जवळच मुकुंदवाडीला घरी जेवायला गेला होता, तेव्हा ताटात भाकरी तशीच राहिली होती. बायको सरूबाई ताटाकडं बघत म्हणाली होती, "तिला नेलं तर तुमचं कसं व्हईल?" आणि तो काही बोलायच्या आत तिनंच विचारलं होतं, "आन् नाय नेलं तर तिचं?"

अकराला तीन ट्रक मैदानात शिरले. पुढच्या जीपमधून जनावरांची डॉक्टर उतरली. अख्तरी शेख, मूळची खुलताबादची. तिशीतली, पायांत रबरी बूट. वाघ, सिंह भराभर ट्रकांवर चढले. सांडू प्रत्येकाच्या वेळी दाराला हात लावत होता, पण लक्ष सगळं टोकाच्या पिंजऱ्याकडं होतं.

शेवटी डॉक्टर तिथंच येऊन थांबली.

"आणि ही?"

"ती हुकुमात बसत नाही," नानासाहेब म्हणाले. "वाघ नाही, सिंह नाही."

डॉक्टर बेगमकडं बघत राहिली. मग खाली बसली. तिनं गजांतून बारीक काठी घातली आणि मागच्या पायांवरचं गवत हळूच बाजूला केलं. पंजांच्या वरची कातडी घासून सोललेली होती. डॉक्टरनं काठी पंजाला टेकवली. पाय हलला, पण उशिरा.

नानासाहेब एक पाऊल पुढं आले.

"हे कधीपासून?"

सांडू जमिनीकडं बघत होता. "चार महिनं."

"मला सांगायचं होतंस रे."

त्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सांडूला सहन झालं नाही. त्यानं हातातली रिकामी बादली उगाच या हातातून त्या हातात घेतली.

"कंबरेच्या नसा दबल्यात," डॉक्टर म्हणाली. "पूर्ण बरी होईल असं मी म्हणत नाही. पण तिथं केंद्रात मातीची जमीन आहे, औषधं आहेत, बघायला माणूस आहे. या लाकडी फळ्यांवर ही दिवाळीसुद्धा बघणार नाही."

"मग औषधं लिहून द्या. आणतो मी," नानासाहेब म्हणाले.

"रोज कोण टोचणार, साहेब? दर महिन्याला गाव बदलता तुम्ही." ती उठली आणि सांडूकडं वळली. "मामा, हिला तुम्ही वाढवलंय ना? कागदावर काहीतरी एक लिहिल्याशिवाय मला हिला नेता येत नाही. वाघिणीची म्हणून कुणी सांगितलं, तर वाघांत नोंद करीन. ही कुणाच्या पोटची?"

मैदानाच्या कडेनं गंगापूरची एसटी हॉर्न वाजवत गेली. नानासाहेब सांडूकडं बघत होते. डॉक्टरही. बेगम तेवढी हाड चाटत होती. म्हाईत नाय, दोन शब्द. ते उच्चारले की ट्रक निघून जातील, संध्याकाळी तो पुन्हा बादली घेऊन इथं येईल, ती मान वळवेल. उद्याही. दिवाळीपर्यंत.

"वाघिणीच्या पोटची," सांडू म्हणाला. "म्या सोता, या हातांत धरलीय तिला. डोळं बी उघडलं नव्हतं. वाघच लिवा, बाई."

नानासाहेबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि ते तंबूकडं निघून गेले.

बेगमच्या आणि ट्रकवरच्या पिंजऱ्याची तोंडं एकमेकांना लावली. बेगम जागची हलेना. माणसांनी हाका मारल्या, मांस दाखवलं, कुणीतरी पत्रा वाजवला. तिनं दात विचकले, तशी सगळी मागं सरली.

"पत्रा वाजवू नका," सांडू ओरडला. तो पलीकडच्या बाजूनं ट्रकवर चढला आणि बाहेरून गजांना लागून बसला. बऱ्याच वेळानं फळ्यांवर खरखर ऐकू आली. बेगम पुढच्या पायांवर स्वतःला ओढत येत होती. थांबायची, धापा टाकायची, पुन्हा ओढायची. ती येईस्तोवर सांडूनं एकदाही तोंड फिरवलं नाही. ती आली आणि त्याच्या समोर गजांशी धपकन पडली. तिच्या मागं पिंजऱ्याचं दार खाली सरकलं.

"मला येता येईल का सोबत?" त्यानं विचारलं.

डॉक्टरनं मान हलवली. "परवानगी फक्त जनावरांची आहे, मामा."

"व्हय. बरोबर हाय." थोडं थांबून तो म्हणाला, "नाव घेतलं तर ती येत नाय. बेगम हे लोकांसाठी. तिला बोलवायचं तर असं." त्यानं ओठ मिटले आणि नाकातून हवा सोडली, फुर्र फुर्र, दोनदा, तीनदा. बेगमनं कान टवकारले आणि तसाच, पण खोल, घोगरा आवाज काढला. "ह्ये वाघाचं हाय. सिंव्हाला येत नाय ह्ये. तुमी करून बघा."

डॉक्टरनं आजूबाजूला पाहिलं. ड्रायव्हर हसू दाबत होता. तिनं ओठ मिटून फुंकर मारली. बेगम बघतसुद्धा नव्हती.

"घशातून नगं. नाकातून. हळू."

दुसऱ्यांदा थोडं जमलं. बेगमनं शेपटाचं टोक हलवलं, पण डोळे सांडूवरच. सांडू खाली उतरला आणि ट्रकच्या मागं, तिला दिसणार नाही असा उभा राहिला.

"आता करा."

डॉक्टर गजांच्या अगदी जवळ वाकली. फुर्र, फुर्र. मैदानावर काही क्षण काहीच झालं नाही. सांडूनं ट्रकच्या पत्र्यावर तळहात टेकवला होता. पत्रा उन्हानं तापला होता, तरी त्यानं हात काढला नाही.

मग आतून उत्तर आलं. घोगरं, दमलेलं, पण स्पष्ट.

"दिलं तिनं!" डॉक्टर लहान मुलीसारखी म्हणाली. "मामा, ऐकलंत?"

"ऐकलं," सांडू पलीकडून म्हणाला. "आता निघा तुमी. ऊन लई व्हतंय तिला."