शिंदीबंदीचा तिसरा दिवस

देगलूरपलीकडच्या त्या गावात शिंदीच्या दारूचं दुकान फोडलं ते नागम्मानं. शिंदी कसली कपाळाची! नुसतं पाणी आन् त्यात झोपेच्या गोळ्यांची पावडर. बायकांना घेऊन तिनं मडकी फोडली, दुकानदाराला चपलेनं बडवला आणि भर चौकात सांगितलं, "आपापल्या नवऱ्याला तीन दिवस कोंडा. आपोआप सुटतंय." त्याच सांजेला अकरा घरांत नवरे कोंडले गेले. तिचा संगप्पा कडब्याच्या खोलीत.

लेक शिवांगी नर्सिंग शिकत होती. "अव्वा, एकदम तोडू नको. दवाखान्यात नेऊ बाबाला."

"गप बस! बारा वर्षं मार मी खाल्लाय, तू न्हाई," नागम्मा खेकसली. चार बायकांनी वाहवा केली की माणसाला आभाळ ठेंगणं होतं, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी दुपारी संगप्पा आतून बोंबलू लागला, अंगावर साप चढून राहिलेत म्हणून. दारावर डोकं आपटू लागला. आत कोयता राहिलाय, हे कुणाच्या ध्यानात? बघता बघता दार बिजागरीसकट निखळलं आणि तो कोयता घेऊन बाहेर आला. समोर शिवांगी होती. त्यानं लेकीला ओळखलंच नाही.

"साप!" म्हणत त्यानं वार केला. पोरीचा दंड हाडापर्यंत फाटला, भिंतीवर रक्त उडालं. दुसरा वार मानेवर येणार तोच नागम्मानं मुसळ उचलून त्याच्या खांद्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला. तरी त्यानं तिचे केस धरून तिचं तोंड उंबऱ्यावर आपटलं. दोन दात पडले. तिनं पडल्या पडल्या त्याच्या गुडघ्यावर मुसळ घातलं, तसा तो कोसळला आणि त्याला झटके सुरू झाले. जीभ दातांत चिरडली, तोंडातून लाल फेस आला.

"अवो, डोळे उघडा की! मी न्हाई मारणार आता!" नागम्मा त्याचं डोकं मांडीवर घेऊन हंबरडा फोडत होती.

तालुक्याला नेताना जीपमध्येच तो गेला. दवाखान्यात शिवांगीच्या दंडाला टाके पडत होते आणि नागम्मा डॉक्टरच्या पाया पडत होती. "साहेब, म्याच मारलं त्यांना. मुसळानं."

"मुसळानं नाही, बाई. झटक्यांनी गेला. या पावडरची सवय लागलेल्या माणसाची ती एकदम तोडली की तो पिसाळतो, झटके येऊन मरतो. इलाज करत हळूहळू सोडवावी लागते. कुणी कोंडायला सांगितलं तुम्हाला?"

नागम्माला बाकीचे कोंडलेले नवरे आठवले. दहा घरं! तिनं शिवांगीचा फोन ओढला आणि शेजारच्या पारूबाईला लावला. "पारूबाई, दार उघड! पळ, सगळ्यांना सांग, दारं उघडा म्हणावं!"

"आगं, कशाला?" पारूबाई हरखून बोलली. "तुझा इलाज लागू पडला बघ. सकाळी लई आदळआपट केली आमच्या मालकानं. आता कसा गप पडलाय, हाक मारली तरी ओ देईना."