फलाटावरचे दोनशे बारा बोकड

“काका, दोनशे बारा बोकड तुम्ही कासू स्टेशनच्या फलाटावर कापलेत?”

कारखान्याच्या ऑफिसातल्या प्रणिताने संगणक गुणाजीकडे वळवला. नकाशावर एकच लाल ठिपका होता आणि सगळी कातडी त्याच ठिपक्यात.

रोह्याच्या या चामड्याच्या कारखान्याला गुणाजी सव्वीस वर्षं कच्चा माल पुरवत होता. हमरापूर-पेणपासून गावोगावच्या मटणाच्या दुकानांतली कातडी उचलायची आणि इथे आणून टाकायची. यंदा परदेशी गिऱ्हाइकाला प्रत्येक कातडं कुठल्या गावचं ते मोबाइलवर हवं झालं. साहेबांनी अर्धा तास शिकवलं. नोंद करताना मोबाइल जिथे असेल तीच जागा उमटते, एवढंच नेमकं सांगायचं राहिलं.

“अवो मॅडम, दुकानात हात रगतानं माखलेले, मोबाइल कसा धरू? कासूला उतरलो, नळावर हात धुतले नि फलाटावर बसून भरलं. यात माजं काय चुकलं?”

“गिऱ्हाइकाने माल अडवलाय, काका. साहेबांनी तुमचा माल नोंदवायचा कोड बंद केलाय.”

कोड बंद म्हणजे धंदाच बंद. गुणाजीचं डोकं भणभणलं. सव्वीस वर्षं माणूस बघून माल घेतला, आणि आता म्हणे कोड! तो तरातरा गोदामात गेला आणि मागोमाग आलेल्या प्रणितापुढे त्याने एक कातडं पसरलं. मागच्या पायाला सुरीचे दोन छेद होते.

“दोन छेद म्हंजे हमरापूर. एक म्हंजे पेण. आडवा असला तर कासू. दुकानातच मारून ठेवतो मी. घ्या, भरा तुमच्या डबड्यात!”

प्रणिताने संगणक गोदामात आणला. मग तिथेच खाली बसली. तो एकेक पाय पुढे करून गाव सांगत होता, ती नोंद दुरुस्त करत होती. मध्ये दोनदा सर्व्हर बंद पडला. गुणाजीने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चार वाजता शेवटची नोंद हिरवी झाली.

“सुटला माल, काका!”

“आन् माजा कोड?”

ती साहेबांकडे जाऊन आली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. “बंद झालेला कोड पुन्हा उघडत नाही म्हणतात. पुढच्या आठवड्यापासून दुसरा माणूस…”

गुणाजीने पुढ्यातल्या कातड्याची घडी घातली.

“त्याला सांगा,” तो म्हणाला, “हमरापूरचा निकेश मंगळवारी दुकान उघडत नाय. आन् कातड्याला मीठ तिथल्या तिथं चोळायचं. घरी नेऊन चोळतो म्हनला, तर माल सडवंल.”