राजाचा साचा

अध्यक्षांच्या भुवयांना व्हॅसलीन लावून झालं, तरी त्यांचं तोंड काही थांबेना. टेबलावर उताणं पडून ते कमानी, रोषणाई, बँड असं सगळं आम्हाला ऐकवत होते, जणू आम्ही दोघी कालच या शहरात आलो होतो. बाहेर कार्निव्हलसाठी रस्त्याचे कठडे रंगवणं चाललं होतं आणि त्या रंगाचा वास कारखान्यात येत होता.

कार्निव्हल समितीचे अध्यक्ष ते, आणि यंदा राजाही तेच. आमच्याकडे ज्याला राजा निवडतात त्याच्या तोंडावर प्लास्टर थापून साचा घेतात आणि त्यावरून भलामोठा कागदी चेहरा करून मिरवणुकीच्या पहिल्या गाडीवर चढवतात. साच्यात उमटेल तोच चेहरा ठेवायचा, असा समितीचा नियम. साचे घेते माझी वहिनी. मी प्लास्टर कालवते, कागद फाडते आणि वहिनी बोलत नाही तेवढं सगळं मी बोलते.

"हनुवटी जरा कमी दाखवा हं, बाई," अध्यक्ष म्हणाले.

वहिनीने त्यांच्या नाकपुड्यांत दोन नळ्या बसवल्या आणि गुदमरल्यासारखं झालं तर बोट वर करा, म्हणून सांगितलं.

याच माणसाने माझ्या दादाला मारलं. हात लावून नाही. दोन वर्षांपूर्वी, कार्निव्हलच्या आदल्या दिवशी, दादा गाडीच्या टोकावर दिवे लावायला चढणार होता. त्याच्या कमरेला बांधायचा दोर अध्यक्षांनी स्वतःच्या फोटोचा फलक बांधायला घेतला आणि पाहुणे येतायत, तसाच चढ, म्हणून दटावलं. दादा पडला. तो पडल्या पडल्याच अध्यक्ष म्हणाले, प्यायलेला आहे, आणि पुढे चौकशीतही तेच सांगितलं. खोकल्याच्या औषधानेही ज्याला गरगरायचं, तो माझा दादा. तेव्हापासून आईने उंबरठा ओलांडला नाही. बाजारात लोक दारुड्याची आई म्हणतात, असं तिने मनाशी घेतलं होतं.

आणि हा माणूस आमच्याच टेबलावर येऊन निजला होता, कारण तो ते सगळं विसरला होता. मला त्या विसरण्याचीच जास्त चीड होती.

वहिनीने प्लास्टर थापलं. ओठ झाकले, डोळे झाकले. एरवी साचा घेताना ती रेडिओसुद्धा बंद करते, कारण खालचा चेहरा हलला की ओल्या प्लास्टरमध्ये तो तसाच उतरतो. त्या दिवशी प्लास्टर अजून ओलं असतानाच ती खुर्ची ओढून त्यांच्या कानाशी बसली.

"माझा नवरा प्यायला नव्हता," ती म्हणाली. "तो पडल्यावर तुम्ही त्याच्या तोंडाशी वाकला होतात. तुम्हाला वास आला नव्हता."

अध्यक्षांची छाती वरखाली व्हायला लागली.

"दोर तुम्ही घेतलात. तो मागत होता, ते गाडीजवळच्या सगळ्यांनी ऐकलं. कुणी बोललं नाही. म्हणून मी बोलतेय."

त्यांनी बोट वर केलं. वहिनीने नळ्यांपाशी हात धरून पाहिला. श्वास व्यवस्थित चालला होता. मग माझा हात पुढे गेला. एका नळीवर मी अंगठा ठेवला, आणि खरं सांगते, दुसऱ्या नळीवरही ठेवणार होते. वहिनीने माझं मनगट धरून बाजूला केलं.

"श्वास घेऊ दे त्याला," ती म्हणाली. "अजून ऐकायचंय त्याला."

मग तिने त्यांना दादाची शेवटची रात्र सांगितली. दवाखान्यात तो दर थोड्या वेळाने आपलं तोंड हुंगायला सांगत होता. हे तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं. मी मोरीत जाऊन घमेलं घासत बसले.

साचा निघाल्यावर अध्यक्ष उठले. कानामागे प्लास्टर तसंच होतं. दुसऱ्या कुणाकडून करून घेईन, असं काहीतरी पुटपुटले. का, असं लोकांनी विचारलं तर काय सांगाल, एवढंच वहिनीने विचारलं. ते तसेच निघून गेले.

साच्यात भुवया वर चढल्या होत्या आणि ओठ खाली ओढले गेले होते. भ्यालेला माणूस, अगदी हुबेहूब. दरवर्षी वहिनी गुपचूप एखादी सुरकुती पुसते, ओठांचे कोपरे उचलते. यंदा मी आधीच हत्यारं लपवून ठेवली होती. ती म्हणाली, काढ ती बाहेर, मला नकोच आहेत.

कार्निव्हलच्या आदल्या दिवशी चेहरा गाडीवर चढला. समितीची माणसं मान वर करून बघत राहिली. नियम त्यांचाच होता, त्यामुळे कुणाला काही म्हणता येईना. अध्यक्ष गर्दीच्या मागे उभे होते. वर दिवे लावायला नवा माणूस निघाला, तर वहिनीने त्याला थांबवून त्याच्या कमरेला स्वतःच्या हाताने दोर बांधला, गाठ ओढून पाहिली, मगच चढू दिलं.

आणि मग आई आली. पायांत दादाच्या चपला, कारण तिच्या कुठे ठेवल्या होत्या ते तिलाच आठवत नव्हतं. तिने बराच वेळ वर पाहिलं.

"असा काय दिसतो गं हा?" तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "प्यायलाय का?"

कुणी हसलं नाही.

"नाही, आई," वहिनी म्हणाली. "पूर्ण शुद्धीवर आहे."

आईने मान हलवली. मग वहिनीचा हात धरून, त्या मोठ्या चपला ओढत, ती बाजाराच्या रस्त्याने घरी निघाली.