घड्याळजींचा घसा आणि शनीची कडी

घड्याळजींचा घसा बसला तो नेमका कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी. सर्दी नाही, ताप नाही. तीन दिवस दुकानाचं शटर अर्धं ओढून ते भाषणाचा सराव करत होते, त्याचा हा परिणाम. चहा मागायला त्यांनी तोंड उघडलं, तर आधी बिजागरी कुरकुरावी तसा आवाज आला, आणि मग तोही येईना.

"अगोबाई!" त्यांची बायको म्हणाली. "आज घराला सुट्टी वाटतं?"

घड्याळजी आकाश मंडळाचे अध्यक्ष. मंडळात माणसं पाच आणि दुर्बिणी दोन, त्यातली एक चालणारी. वर्षातून एका संध्याकाळी वाचनालयाच्या गच्चीवर मंडळ लोकांना आकाश दाखवायचं. निदान बोलावताना तरी तसं सांगायचं. प्रत्यक्षात आधी घड्याळजी पाऊण तास बोलत. अंतरं, कोन, प्रकाशाचा वेग, काही म्हणता काही सुटत नसे. गेल्या वर्षी त्यांचं भाषण संपायला आणि ढग यायला एकच गाठ पडली. लोक निमूटपणे जिना उतरले, आणि त्यातल्या काहींनी ढगांचे मनापासून आभार मानले म्हणतात.

दुपारी मंडळाच्या सचिव दुकानात आल्या. या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी घड्याळजींना आ करायला लावलं, छोटी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाल्या, "बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"मग बोलणार कोण?" घड्याळजींनी पावतीच्या मागे लिहिलं.

"मी नाही बाई. मला बघितलं की लोक तोंड घट्ट मिटून घेतात." बाकी तिघा सभासदांचा प्रश्नच नव्हता. चार माणसं एकत्र दिसली की त्यांना घाम फुटे.

तेवढ्यात फळीच्या पलीकडून आवाज आला, "मी बोलते की."

घड्याळजींच्या दुकानात मधोमध आडोशाला एक लाकडी फळी होती. अलीकडे घड्याळं, पलीकडे त्यांच्या बायकोचं शिवणयंत्र. ती कपडे बेतायची, उसवलेले शिवून द्यायची. सगळे तिला शिंपीणबाई म्हणत.

"तुला काय कळतं त्यातलं?" हे घड्याळजींनी लिहिलं नाही, पण भुवयांनी तेवढं बोलून घेतलं.

"बावीस वर्षं ऐकतेय," तोंडातल्या टाचण्या काढत ती म्हणाली. "एखादा माणूस पट्टा बदलायला येतो आणि गुरूचे चंद्र ऐकून जातो. माझे कान काही मी घरी ठेवून येत नाही."

दुसरा इलाज नव्हता. संध्याकाळी गच्चीवर साठसत्तर माणसं जमली. बॅटरीला लाल कागद गुंडाळलेला, दुर्बीण कठड्याजवळ, आणि घड्याळजी तिच्याशेजारी हातात कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन उभे. काही चुकलं तर लगेच चिठ्ठी द्यायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आणि चुकणार, याची त्यांना खात्री होती.

शिंपीणबाईंनी पदर खोचला आणि सुरुवात केली. "आमच्या अध्यक्षांचा आवाज बसलाय. त्यामुळे आज तुम्हाला आकाश दिसेल."

गच्चीवर असा हशा पिकला की खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांनी माना वर केल्या. घड्याळजींनी चिठ्ठी लिहायला घेतली, आणि कोरीच परत गठ्ठ्यात ठेवली.

"हा चंद्र. त्यावर खड्डे दिसतील. अंगठीसारखं टोपण असतं ना शिवताना बोटात घालायचं, त्यावर असतात तसे. फक्त एकेका खड्ड्यात आपलं अख्खं गाव बसेल. चला, रांग लावा."

झालं. भाषण संपलं. लोक रांगेत उभे राहिलेसुद्धा. मग दुर्बीण गुरूकडे वळली. "याला चार चंद्र आहेत. एका ओळीत, शर्टाच्या बटणांसारखे."

घड्याळजींनी तत्परतेने चिठ्ठी पुढे केली. ती तिनं लाल उजेडात धरून मोठ्यानं वाचली. "नव्वदहून जास्त आहेत, असं हे म्हणतायत. असतील. पण आज भेटायला चारच आलेत, त्यांना तरी नीट बघून घ्या. आणि तिथून निघालेला उजेड इथं पोचायला पाऊण तास लागतो. आमचे हे कोपऱ्यावर दूध आणायला जातात, त्यांना जास्त लागतो."

पुन्हा हशा. घड्याळजी कानापर्यंत लाल झाले. बॅटरीच्या उजेडात ते कुणाला कळलं नाही, एवढंच काय ते समाधान. बायको आपली भर सभेत टर उडवतेय याचा राग होताच, पण खरी पोटदुखी निराळी होती. ती चुकत नव्हती. लोक जांभया देत नव्हते, घड्याळाकडे बघत नव्हते, उलट एकमेकांना ढकलत पुढे येत होते.

शनी पश्चिमेला उतरत होता. समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीमागे जायला त्याला फार वेळ नव्हता.

"जन्मभर आपण म्हणतो, शनी मागे लागायला नको," शिंपीणबाई म्हणाल्या. "आज त्याच्यामागे आपण लागायचंय. चेंडूला कडक कॉलर बेतावी, पण चेंडूला एकही टाका घालू नये, तशी त्याची कडी. चहूबाजूंनी सुटी."

घड्याळजींचा चिठ्ठीवरचा हात थांबला. ती कडी ग्रहाला चिकटलेली नाही, हे समजावताना ते नेहमी वीस मिनिटं घेत, आणि तरी समोरचा माणूस विचारी, "मग ती पडत कशी नाही?"

तेवढ्यात रांगेतल्या एका निवृत्त बस ड्रायव्हरांनी विचारलं, "बाई, तुम्ही पहिल्यांदा शनी बघितलात, तेव्हा काय वाटलं हो?"

"मी?" शिंपीणबाई हसल्या. "मी कुठं बघितलाय?"

"थट्टा करताय!"

"खरंच सांगते. हे घरच्या गच्चीवर बोलवायचे मला. नाही कसं म्हणू? पण आधी समजावून सांगायचे. सांगून होईपर्यंत शनी शेजारच्यांच्या इमारतीमागे गेलेला असायचा. मग मी खाली जाऊन कुकर लावायची."

लोक हसले, पण यावेळी जरा बेतानं. डॉक्टरीणबाईंनी घड्याळजींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. बावीस वर्षांत किती वेळा तिला जिन्यानं वर बोलावलं, ते त्यांना आठवत होतं. ती भिंगाला डोळा लावून उभी आहे, असं मात्र एकदाही आठवेना.

त्यांनी गठ्ठा खिशात कोंबला. हातानंच रांग थांबवली, वाकून दुर्बीण नीट लावली आणि बाजूला झाले. काही सांगायचं नव्हतं, आणि सांगता येतही नव्हतं.

शिंपीणबाई वाकल्या. सुईत दोरा ओवताना मिटायची सवय होती, तसा एक डोळा त्यांनी मिटला. मग त्या हलल्याच नाहीत.

"अहो," शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "हे खरंच आहे की."

ग्रह भिंगातून सरकायला लागला, तसा त्यांनी न बघताच हात मागे केला. घड्याळजींनी दुर्बीण बोटभर हलवली. पुन्हा सरकला, पुन्हा हलवली.

"बाई, रांग आहे मागे," ड्रायव्हर म्हणाले.

"थांबा हो! मी बावीस वर्षं थांबले, तुम्हाला दोन मिनिटं जड झाली?"

शनी टाकीमागे गेला तेव्हा रांगेतले सातआठ जण राहिलेच होते. त्यांची समजूत डॉक्टरीणबाईंनी पुन्हा चंद्र दाखवून काढली.

घरी जाताना शिंपीणबाईंनी विचारलं, "ती कॉलर कसली असते हो? म्हणजे कापड कसलं?"

घड्याळजींनी रस्त्यावरच्या दिव्याखाली थांबून चिठ्ठी लिहिली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली. "डॉक्टरीणबाई लिहितात त्याहून वाईट. राहू दे. आवाज आला की सांगा."

आवाज यायला चार दिवस लागले. तोवर तिनं बेतायच्या कागदावर सात प्रश्न लिहून काढले होते. बुधवारी संध्याकाळी दोघांनी शटर ओढलं आणि फळीच्या एकाच बाजूला बसले. एका प्रश्नाला एकच वाक्य, अशी तिची अट होती, आणि घड्याळजींनी ती मुकाट्यानं मान्य केली होती. पहिले दोन प्रश्न तसे झाले. कॉलर कसली? तर बर्फाचे तुकडे, ते म्हणाले, आणि थोडी धूळ. तिसऱ्या प्रश्नाला अट मोडली, आणि मोडली ती तिनंच.

"बर्फ? मग तो वितळत कसा नाही? नाही, थांबा, नीट सांगा. सुरुवातीपासून."