नबद आहे का?

आमच्या बैदोआत कुणी भेटलं की आधी विचारायचं, “नबद आहे का?” म्हणजे शांतता आहे का? आणि बाहेर गोळ्या सुटत असल्या तरी उत्तर एकच द्यायचं, “नबद.”

दाहाबोला मात्र हे विचारणं गावाने सोडलं होतं. तिचा एक मुलगा सरकारी फौजेत, दुसरा रानातल्या बंडखोरांत. तिच्याशी बोललं तर कुणाची खप्पामर्जी होईल, नेम नव्हता.

विचारायचा तो एकटा परदेशी शिपाई. ती शेळ्या घेऊन छावणीजवळून निघाली की तो मनोऱ्यावरून ओरडायचा, “नबद, आई?” आमच्या भाषेतले तेवढे दोनच शब्द त्याला येत. दाहाबोच्या तळपायाची आग मस्तकात जायची. “मेल्या, तुझ्या आईला जाऊन विचार!” त्याला ते कळायचं नाही. तो हसून हात हलवायचा.

आज छावणीचं फाटक सताड उघडं होतं. परदेशी फौज निघून गेली होती. रिकाम्या मनोऱ्याकडे बघत दाहाबो बराच वेळ उभी राहिली.

“गेलास होय आईला विचारायला?” ती म्हणाली. मग आसपास कुणी नाही हे पाहून हळूच पुटपुटली, “नाही रे बाळा. नबद नाही.”