टोपावरचा हिरवा डाग

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, डोक्यावरचा! घोड्याच्या केसांचा, बॅरिस्टरांनी कोर्टात घालायचा. लंडनच्या एका दुकानात कारागिराने माझी एकेक गुंडाळी वळली, उकळली, वाळवली. मग मला काळ्या पत्र्याच्या डब्यात बसवले आणि डब्यावर सोनेरी अक्षरांत मालकांचे नाव लिहिले: अँब्रोज टिंडल.

आमच्यात पांढऱ्याशुभ्र टोपाला मान नसतो. तो दिसला की लोक ओळखतात, वकील कच्चा आहे. टोप जितका कळकट तितका वकील मुरलेला. म्हणून मी मळण्याची वाट बघत बसलो होतो. पण टिंडलसाहेबांना खटलेच मिळेनात. मिळणार कसे? उन्हाळा आला की त्यांचे पाय मैदानाकडे वळत. ते हौशी खेळाडू होते. कोर्टात क्रिकेटबद्दल बोलत आणि मैदानात कायद्याबद्दल, त्यामुळे दोन्हीकडे लोक कंटाळत. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या संघाकडून एकदा तरी शतक ठोकायचे, एवढे एकच स्वप्न त्यांनी उराशी बाळगले होते.

त्या वर्षी न्यायमूर्ती फिरतीवर वेल्बरी गावात आले आणि त्याच आठवड्यात तिथे सामनाही होता. साहेबांकडे एकच खटला होता. हॅना पास्क नावाच्या धोबिणीवर एका श्रीमंत घरातला लेसचा टेबलक्लॉथ चोरल्याचा आरोप होता. शिक्षा झाली असती तर ती तुरुंगात गेली असती आणि तिची दोन पोरे अनाथाश्रमात. त्या काळी आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष देता येत नसे. वकील हेच तिचे तोंड.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी साहेब कोर्टात हजेरी लावून थेट सरावाला गेले. घाईत त्यांनी मला डब्यात ठेवायचे सोडून सरावाच्या जुन्या पायाच्या पॅडमध्ये कोंबले आणि विसरून गेले. मी रात्रभर घामाच्या वासात पडून होतो.

दुसऱ्या दिवशी साहेब असे खेळले की काय सांगू! शतकाला चार धावा उरल्या होत्या. तेवढ्यात त्यांचे कारकून पोकॉक कोर्टाची निळी पिशवी घेऊन धापा टाकत आले. तीत साहेबांचा काळा झगा आणि माझा डबा होता.

"साहेब, आधीच्या आरोपीनं गुन्हा कबूल केला! हॅनाचा खटला उद्याचा आजवर आला. आत्ताच!"

साहेबांनी बॅट काखेत मारली. कप्तान ओरडला, "टिंडल, डोकं फिरलंय का तुझं? चार धावा राहिल्यात!"

"ती तिथं एकटी उभी आहे रे," साहेब म्हणाले, पायांचे पॅड सोडून फेकले आणि पिशवी घेऊन धावत सुटले.

मागे राहिलेले पोकॉक सामान आवरू लागले. त्यांनी सरावाचे जुने पॅड उचलले आणि मी खाली पडलो.

"बाप रे! मग डब्यात काय आहे?"

डब्यात काहीच नव्हते, मित्रांनो. मला उराशी धरून ते पळाले, सीमारेषेजवळच्या ओल्या गवतावर घसरले आणि आम्ही दोघे लोळलो. माझ्या कपाळावर हिरवा डाग पडला तो तिथेच.

कोर्टाच्या दारात पोचलो तेव्हा आत साहेब उघड्या डोक्याने उभे होते. न्यायमूर्ती छताकडे बघत म्हणाले, "मला तिथं कुणीच वकील दिसत नाही. पूर्ण पोशाख नसलेला माणूस या कोर्टाला दिसत नसतो. आरोपीला वकील नाही असं समजून आपण पुढे..."

हॅनाने कठड्याचा गज घट्ट धरला. पोकॉकनी मला साहेबांच्या डोक्यावर अक्षरशः आदळले.

"हां, आता दिसलात," न्यायमूर्ती म्हणाले. झग्याखालची पांढरी विजार आणि खेळाचे बूट पाहून त्यांनी पुढे म्हटले, "गुडघ्याखालचं मात्र माझ्या वयाला दिसत नाही."

साक्षीला उभ्या असलेल्या, त्या श्रीमंत घरचा कारभार पाहणाऱ्या बाईला साहेबांनी विचारले, "बाई, कापड हॅनाच्या घरी मिळालं तेव्हा त्यावरचा वाइनचा डाग होता?"

"नाही. निघाला होता."

"आणि कोपऱ्यात लाल दोऱ्यानं भरलेलं तुमच्या घराचं नाव?"

"ते होतं की."

"चोरानं आधी काय काढलं असतं हो, डाग की नाव?"

ज्यूरीने हॅनाला निर्दोष ठरवले.

बाहेर तिने डोळे पुसले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "साहेब, द्या तो टोप. डाग काढून देते. पैसे नकोत."

"राहू दे गं बाई," साहेब हसले. "शतक झालं नाही. निदान डाग तरी राहू दे."

शतक त्यांना पुढेही कधी झाले नाही. खटले मात्र मिळत गेले आणि मीही मळत मळत मानाचा झालो. साहेब गेले. आता मी त्यांच्या पणतीच्या कपाटात आहे. परवा ती मला साबणाच्या पाण्यात घालायला निघाली होती. मला फार भीती वाटली.

मित्रांनो, मला अधूनमधून वारा द्या, कसरीपासून जपा. डब्यावरचे सोनेरी नाव उडाले तर उडू द्या. हिरवा डाग मात्र काढू नका.